जुन्या मोटारीचीं रुंद मडगार्डें

चाकावर मडगार्ड कशासाठीं असतें, असें एखाद्या लहान मुलास विचारलें तर तें चटकन् सांगेल कीं, चिखल उडूं नये म्हणून. उत्तर बरोबर आहे. कौलारू घराला जशी वळचण, तसें चाकाला मडगार्ड. चाकानें उचललेलें पाणी, खडी आणि चिखल यांना तेथल्या तेथें अडवून खालीं सोडणें हें त्याचें काम. घराची भिंत पुढें आली कीं वळचणही पुढें न्यावी लागते. त्याचप्रमाणें चाक रुंद झालें कीं मडगार्डाची कडही बाहेर काढावी लागते. अशा बाहेर काढलेल्या कडेला इंग्रजींत फेंडर फ्लेअर म्हणतात. मोटारींच्या कामांत नुसतें फ्लेअर म्हटलें तरी समजतें.

जुन्या स्पोर्ट्स मोटारीच्या मालकाला या फ्लेअरचें मोठें आकर्षण असतें. दोन माणसांची बैठक, लांबट नाक, बुटका बांधा आणि त्याला शोभणारीं भरदार चाकें, असें चित्र त्याच्या मनांत पुष्कळ दिवस घोळत असतें. सुटीच्या दिवशीं घराच्या दारांतच हें काम उरकूं, असेंही त्याला वाटतें. आणि तें वाटणें अगदींच चुकीचें नाहीं. काम घरीं होण्यासारखें आहे. मात्र त्यांत एक पायरी अशी आहे कीं, ती ओलांडल्यावर मागें फिरतां येत नाहीं. मोटारीबरोबर कारखान्यांतून आलेला मूळ पत्रा कापणें ही ती पायरी होय. ती केव्हां ओलांडावी, किंबहुना ओलांडावी कीं नाहीं, हाच या विषयाचा गाभा आहे.

फ्लेअर ही मुळांत शर्यतींची देणगी आहे. वळणावर वेग राखावयाचा तर टायरची पकड अधिक हवी. पकड हवी तर टायर रुंद हवा. आणि टायर रुंद झाला कीं तो जुन्या मडगार्डाखालीं मावत नाहीं. शर्यतींच्या कित्येक वर्गांत असाही नियम असे कीं, जी गाडी पळवावयाची तिच्यासारख्या ठराविक संख्येच्या गाड्या गिऱ्हाइकांसाठींही काढलेल्या असल्या पाहिजेत. त्यामुळें मैदानावरची गरज रस्त्यावरच्या गाडींत उतरली. इटलीच्या आल्फा रोमिओ कंपनीनें १९७० सालीं जीटीएएम ही शर्यतीची गाडी पुढें आणली, तिच्या चाकांवर फायबरचे रुंद फ्लेअर होते. जपानांत निस्सान कंपनीनें १९७१ सालीं फेअरलेडी २४० झेडजी विक्रीला काढली. तिचे फ्लेअर बाहेरून जोडलेले होते, आणि ते जोडलेले आहेत हें लपविण्याचा कोणताही प्रयत्न केलेला नव्हता. पोर्शच्या १९७३ च्या कॅरेरा आरएसमध्यें पुढच्या रिम ६ इंच आणि मागच्या ७ इंच रुंद होत्या. त्या जादा एका इंचासाठीं मागचीं पोलादी मडगार्डेंच फुगवून घडविलीं गेलीं. या तिन्ही गाड्यांत चाक आधीं ठरलें आणि मडगार्ड त्याच्या मागून आलें. घरीं काम करणाऱ्याच्या हातून पुष्कळदां हा क्रम उलटा होतो. तो आवडलेले फ्लेअर आधीं विकत आणतो, आणि मग त्यांखालीं बसतील अशीं चाकें शोधूं लागतो.

मडगार्ड कसें जन्माला येतें हें पाहावयास पिंपरी-चिंचवडकरांना दूर जावें लागत नाहीं. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ सालीं स्थापन झालें, आणि पुढच्या कांहीं वर्षांत पिंपरी, चिंचवड, आकुर्डी व भोसरी हा सारा माळ यंत्रांच्या आवाजानें भरून गेला. टेल्कोनें, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सनें, १९६६ सालीं येथें पाय रोवला. पुढें हा उद्योग चाकणकडे सरकला. तेथें फोक्सवॅगनचा कारखाना २००९ सालीं सुरू झाला, आणि पत्रा दाबण्यापासून रंगापर्यंतचीं कामें एकाच आवारांत होऊं लागलीं. अशा प्रेसशॉपमध्यें पोलादी पत्र्याचा तुकडा दोन जड साच्यांमध्यें धरला जातो. पहिल्या दाबानें त्याला फुगवटा येतो, पुढच्या दाबांनीं फाजील भाग कापला जातो, भोकें पडतात, आणि शेवटीं चाकाभोंवतालची कड आंत वळविली जाते. ही वळलेली कड दिसावयास क्षुल्लक असते. पण सुमारें पाऊण ते एक मिलिमीटर जाडीच्या त्या पत्र्याला ताठपणा देते ती तीच. पुठ्ठ्याची कड दुमडली म्हणजे पुठ्ठा जसा वांकत नाहीं, तसाच हा प्रकार आहे. निगडी प्राधिकरणांतल्या एखाद्या घराच्या पोर्चमध्यें ग्राइंडर हातांत घेऊन उभा असलेला मालक जी कड कापावयास निघतो, ती हीच.

म्हणून ग्राइंडरच्या आधीं ओळंबा हातांत घ्यावा. मोटार सपाट फरशीवर उभी करावी, चारही टायरांत योग्य हवा भरावी, आणि चालकाच्या जागेवर माणूस बसवावा. मग मडगार्डाच्या कमानीच्या वरच्या टोकावरून ओळंबा सोडून त्याच्या दोरीपासून टायरच्या बाजूपर्यंतचें अंतर मोजावें. हें चारही चाकांवर करून कागदावर टिपून ठेवावें. बहुधा असें आढळतें कीं, उजवी व डावी बाजू तंतोतंत सारखी नाहीं. जुन्या मोटारींच्या बांधणींत हाताचें काम पुष्कळ असे, आणि मधल्या काळांत लहानमोठे अपघात व त्यांची दुरुस्तीही झालेली असते. हा फरक आधीं कळला तर फ्लेअर बसवितांना सांभाळून घेतां येतो. नंतर कळला तर तो कायमचा डोळ्यांत खुपत राहतो.

यानंतर नव्या रिमचा हिशेब. रिमची रुंदी वाढली कीं ती निम्मी बाहेर व निम्मी आंत वाढते, हें उघड आहे. पण रिम हबाला कोठें टेकते यावरही बरेंच अवलंबून असतें. रिमच्या रुंदीची मध्यरेषा आणि हबाला टेकणारें तिचें सपाट पृष्ठ यांतील अंतराला ऑफसेट म्हणतात. तें पृष्ठ मध्यरेषेच्या बाहेरच्या अंगाला असेल तर ऑफसेट धन समजतात. समजा, जुनी रिम साडेपांच इंचांची आणि तिचा ऑफसेट धन २० मिलिमीटर आहे. नवी सात इंचांची आणि तिचा ऑफसेट धन १० मिलिमीटर आहे. दीड इंचाचा निम्मा भाग म्हणजे १९ मिलिमीटर. ऑफसेट १० मिलिमीटरनें कमी झाला म्हणजे सबंध चाक तितकेंच बाहेर आलें. तेव्हां बाहेरची कड १९ व १० मिळून २९ मिलिमीटर पुढें येते, आणि आंतली कड १९ वजा १०, म्हणजे ९ मिलिमीटर आंत जाते. या दोन आंकड्यांवरून फ्लेअर किती रुंद हवा तें समजतें. शिवाय आंतल्या बाजूला ब्रेकची नळी किंवा शॉक ॲब्सॉर्बर चाकाला घासेल कीं काय, हेंही कळतें. नव्या टायरचें पोट रिमच्या बाहेर येत असेल तर तेंही मोजांत धरावें.

आतां खरी परीक्षा येते. उभ्या मोटारीचें चाक आणि धांवत्या मोटारीचें चाक हीं एकाच जागीं नसतात. खड्ड्यांत चाक वर उचललें जातें, वळणावर तें तिरपें होतें. फ्लेअर बाहेरून जोडला तरी मडगार्डाची जुनी कड आपल्या जागींच असते, आणि आतां ती रुंद टायरच्या बरोबर डोक्यावर आलेली असते. चाक वर गेलें कीं ती टायरला सुरीसारखी लागते. ही अडचण खरोखर आहे कीं नुसती कल्पनेंतली आहे, हें ठरविण्याची रीत साधी आहे. गाडी भक्कम स्टँडवर उचलून स्प्रिंग काढावी, आणि नवें चाक लावून त्याखालचा आधाराचा दांडा जॅकनें हळूहळू रबरी ठोकळ्याला टेकेपर्यंत वर न्यावा. त्याआधीं कडेच्या आंतून शाडूच्या मातीचे लहान गोळे चिकटवून ठेवावे. पुढच्या चाकांच्या बाबतींत स्टीअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून तोच प्रयोग पुन्हां करावा. शेवटीं शाडू चेपून जेथें जितका जाड उरला असेल तेथें तितकीच जागा उरली आहे, असें समजावें. गाडी नुसत्या जॅकवर तोललेली असतांना तिच्याखालीं हात किंवा डोकें कधींही घालूं नये. जॅक उचलण्यासाठीं असतो, धरून ठेवण्यासाठीं नसतो.

कडेखालीं बोटभर जागा उरली असेल तर पत्रा कापण्याचें कारणच उरत नाहीं. जागा थोडीच कमी पडत असेल तर कड आंतल्या बाजूस आणखी दुमडून भागतें. पत्रा थोडा गरम करून, रंग तडकूं न देतां, लहान लहान टप्प्यांनीं ती दाबावी. त्यानेंही न भागल्यास कमी उंचीचा टायर किंवा वेगळ्या ऑफसेटची रिम घेतां येते. हे सर्व उपाय हरल्यावरच कापण्याचा विचार करावा. इतकेंच नव्हे, तर चाक फारच बाहेर काढण्याचा मोहही आवरावा. चाक जितकें बाहेर, तितका बेअरिंगवर पडणारा भार लांबच्या टोंकाला लावलेल्या पहारीसारखा वाढत जातो. स्टीअरिंग जड होतें, आणि रस्त्यावरचा प्रत्येक खांचखळगा चालकाच्या मनगटांत येऊन पोंचतो. पन्नास वर्षांपूर्वीच्या हबाला ही जादा शिक्षा कोणी कां द्यावी?

फ्लेअर कशाचा असावा, हा पुढचा प्रश्न. पोलादी फ्लेअर मूळ पत्र्याला वेल्डिंगनें जोडून एकजीव करतां येतो, पण त्याला कसलेल्या डेंटरचा हात लागतो. वेल्डिंगच्या उष्णतेनें पातळ पत्रा लाटेसारखा उठतो, आणि मग तो दोष पुट्टीच्या थराखालीं झांकण्याची पाळी येते. घरीं काम करणाऱ्याला फायबर अधिक सोईचें. त्यांत काचेच्या तंतूंची मॅट आणि रेझिन यांचे थर साच्यावर चढवितात. येथें एक गोष्ट जिवाशीं गांठ असल्यासारखी लक्षांत ठेवावी. रेझिनबरोबर दोन लहान बाटल्या मिळतात, एक कोबाल्टची व दुसरी हार्डनरची. हीं दोन द्रव्यें एकमेकांत सरळ कधींही मिसळूं नयेत. त्यांचा स्फोट होऊं शकतो. आधीं कोबाल्ट रेझिनमध्यें पूर्ण ढवळून घ्यावें, आणि मग हार्डनर घालावा. हार्डनरचा थेंब डोळ्यांत गेल्यास दृष्टि जाण्याचा धोका असतो, म्हणून चष्मा लावल्याशिवाय बाटली उघडूं नये. हार्डनरचें प्रमाण बहुधा रेझिनच्या वजनाच्या शेंकडा एक ते दोन असतें. उन्हाळ्यांत मिश्रण भांड्यांतच घट्ट होऊं लागतें, आणि पावसाळ्यांतली दमट हवा त्याला मानवत नाहीं. मावळाच्या तोंडावरच्या या भागांत म्हणूनच दिवाळीनंतरचे कोरडे दिवस या कामाला उत्तम. वाळलेलें फायबर घांसतांना उडणारी धूळ अंगाला खाजविते व फुफ्फुसांत जाते. तोंडावर चांगला मास्क हवाच.

फ्लेअर हातीं आल्यावर तो कोठें बसवावयाचा हें गाडीच्या रेषेवरून न ठरवितां चाकाच्या केंद्रावरून ठरवावें. पुठ्ठ्याचा एक नमुना कापून त्यावर चाकाचें केंद्र आणि फ्लेअरची वरची कड आंखावी, आणि तोच नमुना उलटून दुसऱ्या बाजूला लावावा. फ्लेअर किती भागावर पसरावा, याविषयीं युरोपांतल्या १९७८ च्या मडगार्डविषयक नियमाचा आधार घेण्यासारखा आहे. चाकाच्या केंद्रावर उभी रेषा कल्पिली, तर तिच्या पुढें ३० अंश व मागें ५० अंश एवढ्या भागांत टायरची रुंदी झांकलेली असावी, असें तो सांगतो. मागचा भाग मोठा कां, तें चिखल कोणीकडे उडतो हें आठवल्यास कळतें. फ्लेअर आधीं चिकटपट्टीनें लावून दहा पावलें दूर जाऊन पाहावें, आणि एक रात्र तसाच राहूं द्यावा. सकाळच्या डोळ्यांना रात्रीची चूक दिसते.

कापणें अटळच झालें तर पुढच्या व मागच्या मडगार्डांतला भेद ओळखावा. पुष्कळ जुन्या स्पोर्ट्स मोटारींत पुढचीं मडगार्डें बोल्टांनीं बसविलेलीं असतात. तीं काढून, तेलाचा हात देऊन, कापडांत गुंडाळून माळ्यावर ठेवावीं, आणि कापण्यासाठीं दुसरी जोडी मिळवावी. मागच्या बाजूस ही सोय नसते. तेथें बाहेरचा पत्रा आणि चाकाभोंवतालचा आंतला पत्रा हे दोन थर कडेवर एकमेकांना स्पॉट वेल्डिंगनें जोडलेले असतात. कड कापली कीं हा सांधाच निघून जातो. दोन पत्र्यांच्या मधल्या पोकळींत पाणी व चिखल शिरतो, पहिल्याच पावसाळ्यांत गंजाला आरंभ होतो, आणि सांगाड्याच्या बळकटीलाही धक्का बसतो. यासाठीं बाहेरचा पत्रा कापून झाल्यावर आंतल्या पत्र्याला थोड्या थोड्या अंतरावर चिरा द्याव्या, त्या पाकळ्या बाहेर वळवून बाहेरच्या पत्र्याला भिडवाव्या, वेल्ड कराव्या, आणि सर्व फटी सीलरनें बुजवून जस्तयुक्त प्रायमरचा हात द्यावा. वेल्डिंगपूर्वीं बॅटरी सोडावी. पेट्रोलची टांकी व तिचें तोंड मागच्या मडगार्डाला लागून असतें. ती काढून दूर नेल्याशिवाय ठिणगी पडूं देऊं नये. रिकामी टांकी भरलेल्या टांकीपेक्षां अधिक घातक, कारण तिच्यांत पेट्रोलची वाफ कोंडलेली असते.

बसविण्याचें काम त्या मानानें शांतपणाचें आहे. पहिलें भोंक कमानीच्या माथ्यावर पाडावें, मग दोन्ही टोकांना, आणि नंतर मधलीं. फायबरमधलीं भोकें किंचित् मोठीं ठेवावीं. उन्हांत फायबर व पोलाद सारख्या प्रमाणांत फुगत नाहींत, आणि घट्ट आवळलेलें फायबर भोंकापाशींच तडकतें. पत्र्यांतल्या प्रत्येक भोंकाच्या कडेला प्रायमर लावावा. ॲल्युमिनियमचा रिव्हेट उघड्या पोलादाला टेकला तर ओल मिळतांच तेथें गंज धरतो. रिव्हेटाऐवजीं स्क्रू व वॉशर वापरले तर फ्लेअर पुढें केव्हांही सोडवितां येतो. फ्लेअर व पत्रा यांमध्यें रबरी बीडिंग घालावें. त्यानें रंग घांसला जात नाहीं, आणि बारीक फटही झांकली जाते.

एवढें सगळें नीट झालें तरी एक दार ठोठवावयाचें राहतेंच, आणि खरें पाहतां तें पहिलें ठोठवावयास हवें. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या ५२ व्या कलमाप्रमाणें नोंदणीपत्रांतील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशीं विसंगत होतील असा फेरफार मालकास करतां येत नाहीं. केरळमधून आलेल्या एका प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०१९ मध्यें हेंच तत्त्व कठोरपणें सांगितलें. त्याच वर्षींच्या दुरुस्तीनें कलम १८२-अ मध्यें, परवानगी नसलेला भाग बसवून फेरफार करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर फेरफारामागें पांच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आली. म्हणून एमएच १४ क्रमांकाच्या गाडीचा मालक असो वा अन्य कोठला असो, त्यानें साहित्य विकत घेण्यापूर्वीं परिवहन कार्यालयांत लेखी विचारणा करणें शहाणपणाचें. तेथें नकार मिळाला तर अशी गाडी सार्वजनिक रस्त्यावर न आणणें एवढाच मार्ग उरतो.

दुसरी गोष्ट याहून नाजूक आहे. जुलै २०२१ मध्यें केंद्र सरकारनें व्हिंटेज मोटारींच्या नोंदणीचे नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षें उलटून गेलेल्या गाडीला त्यांत ‘व्हीए’ ही खास मालिका मिळते. नोंदणीची फी वीस हजार रुपये, आणि मुदत दहा वर्षें. मात्र गाडी मूळ स्वरूपांत असावी, आणि तिच्या चासींत, बॉडींत किंवा इंजिनांत मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट आहे. १९७० च्या आसपासच्या स्पोर्ट्स मोटारी आतां नेमक्या याच उंबरठ्यावर आलेल्या आहेत. ज्या गाडीवर फ्लेअर नुसते स्क्रूनें लावलेले आहेत, तिचे फ्लेअर एका दुपारींत उतरवितां येतात, भोकें बुजवितां येतात, आणि माळ्यावरचें जुनें मडगार्ड पुन्हां जागेवर येतें. ज्या गाडीचा मागचा पत्राच कापला गेला आहे, तिला हा मार्ग जवळजवळ बंद होतो. वडिलांनीं सांभाळलेली गाडी मुलाच्या हातीं येते तेव्हां या एका कापाची किंमत घरांतल्या सर्वांनाच मोजावी लागते.

चाकणच्या प्रेसमधून एक मडगार्ड बिघडलें तर दुसरें लगेच मिळतें. साचा तेथेंच असतो. जुन्या स्पोर्ट्स मोटारीचा साचा बहुधा केव्हांच मोडींत गेलेला असतो. यासाठीं घरच्या कामाचा क्रम असा असावा: प्रथम परिवहन कार्यालय, मग चाकाचा हिशेब, मग शाडूची परीक्षा, मग पुठ्ठ्याचा नमुना, मग फ्लेअर, आणि ग्राइंडर सर्वांच्या शेवटीं. पुष्कळदां असेंही होतें कीं, पहिल्या पांच पायऱ्या नीट पार पडल्या म्हणजे सहावीची गरजच उरत नाहीं.